मित्राच्या आईला आवडलेला अल्बम

ज्या रॉक बँडपायी मी आणि माझ्या मित्राने डिप्लोमाचं एक अख्खं वर्ष ओवाळून टाकलं, त्याच बँडचा एक अल्बम आम्ही कधी ऐकला नव्हता. गिटारवाला भांडून निघून गेल्यावर बाकीच्यांनी तो काढला, म्हणून आम्ही बहिष्कार टाकला होता. बँडपर्यंत ही बातमी पोचली नसावी. अल्बम भिकार आहे, हे मात्र आम्ही न ऐकताच सगळ्यांना सांगत आलो.

मागे एका गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून मी मित्राच्या चिखलीतल्या वर्कशॉपवर गेलो. त्याने नवे स्पीकर घेतले होते. नेहमीची गाणी संपली आणि मोबाइलने आपल्याच मनाने तो अल्बम सुरू केला.

"बंद कर," मी म्हणालो.

"राहू दे, भावा. एकदा ऐकू, मग पोटभर शिव्या घालू."

बंद लेथला टेकून, हाताची घडी घालून आम्ही बसलो. गाण्यात चक्क व्हायोलिन निघालं. ज्याच्या किंकाळ्यांनी आमच्या हॉस्टेलच्या रेक्टरांना बीपीची गोळी लागली, तो माणूस शेजारी बाळ झोपल्यासारखा हळू गात होता.

तेवढ्यात मित्राची आई वरून चहा घेऊन आली. आमची तोंडं बघून दारातच थबकली.

"कोन गेलं रं?"

"कुनी न्हाई. गानी ऐकतोय."

ती खुर्ची ओढून बसली. "ह्यो त्योच हाय व्हय, बोंबलनारा?"

"व्हय."

"सुधारला की. मला वाटायचं, त्याला कुनीतरी मारतंय."

आता बंद करायची सोय राहिली नाही. चौथ्या गाण्याला तिने विचारलं, "काय म्हनतोय?"

मित्राचं इंग्रजी मशीनच्या ड्रॉइंगपुरतं. त्याने ठोकून दिलं, "बायको सोडून गेली म्हनतोय."

"आदी एवढा वरडायचा, म्हनूनच गेली असंल."

मला हसू फुटलं आणि चहा नाकात गेला. मित्राने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूर झालो. अल्बम संपेपर्यंत माउली हलली नाही. मग कपबश्या उचलून "बरं वाटलं" म्हणत वर गेली. ठरलेल्या शिव्या घालायला आमच्यापैकी कुणालाच सुचेना. "व्हायोलिन जरा जास्त झालं," एवढंच मी म्हणालो. तो म्हणाला, "जरासं."

मोशीला घरी जाताना सिग्नलवर थांबलो, तेव्हा हेल्मेटच्या आत मी तेच चौथं गाणं गुणगुणत होतो. चिडून गप्प बसलो. सिग्नल सुटल्यावर परत सुरू झालो.

चार दिवसांनी मित्राला फोन केला, तर मागे व्हायोलिन वाजत होतं.

"काय ऐकतोयस?"

"मी कुठं? आईनं लावायला सांगितलंय."

"दे तिला फोन."

त्याने व्हायोलिन हळू केलं. "ती बहिनीकडं गेलीय, जुन्नरला."

"बरं," मी म्हणालो. "आवाज वाढव जरा."