मधलं पान

कोंडिबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वही हुंगत होता. चिंचवड स्टेशनाजवळ एक दुकान होतं, तिथे साबणापासून शाईच्या पुडीपर्यंत सगळं मिळे. डोक्याला पटका, अंगात बंडी, पस्तिशीचा हा गृहस्थ वही नाकाशी धरून उभा होता. मग त्याने ती उजेडात धरली, शिवणीचा दोरा नखाने ओढून पाहिला आणि पायरीवर उकिडवा बसून पानं मोजू लागला. दुकानदार म्हणाला, "अहो, वर छापलंय की ऐंशी पानं." कोंडिबाने मान वर न करता विचारलं, "छापनारा मोजायला बसला व्हता का?"

मीही वहीच घ्यायला आलो होतो. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता आणि बॉयलरवर माणसं हवीत म्हणून त्यांनी तीन महिन्यांचा वर्ग काढला होता. वीस जणांना घेतलं होतं. शेवटी तोंडी परीक्षा घेऊन, वह्या तपासून त्यातले आठ कायम करणार होते. मी रत्नागिरीकडचा, नुकताच मॅट्रिकला आपटलेला. लेक्चर उतरवून घ्यायचं म्हणजे वही भारदस्त हवी असं वाटून मी फुलस्केप आकाराची, निळ्याशार चकचकीत पुठ्ठ्याची वही उचलली.

"ती नका घेऊ, राव," कोंडिबा म्हणाला. "मोठी वही मेजावर ऱ्हाती, बंडीत मावत न्हाई. आन असला रंग दिसला की धा जनांचा हात लागतो." त्याच्या हातातली वही तळहाताहून जरा मोठी, खाकी, डोळ्यांत न भरणारी अशी होती. मला वाटलं, ह्याला काय पडलंय? दुकानात निळी वही एकच होती, तेव्हा ह्यालाच ती हवी असणार. मी घाईघाईने तीच घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बघतो तर हाच माझ्या शेजारच्या बाकावर. कुरुळीचा होता. मोशी-भोसरीवरून रोज सायकलने यायचा. सायकलला साखळी लावायची, साखळीला कुलूप, आणि वर घंटी काढून खिशात. बाकावर बसला की त्याच्या खिशात टिण् व्हायचं आणि शिकवणारे मेहेंदळे साहेब फळ्याकडून मागे वळून बघायचे. घंटी कोण नेणार, असं मी एकदा विचारलं. "नेनारा सांगून नेत न्हाई," तो म्हणाला.

वर्गाचा एक नियम मोठा कडक होता. संध्याकाळी सगळ्यांनी वह्या लाकडी कपाटात ठेवायच्या आणि सकाळी परत घ्यायच्या. वह्यांत नव्या यंत्रांच्या आकृत्या होत्या, त्यामुळे लिहिलेला एक चिटोराही फाटकाबाहेर जाता कामा नये असं कचेरीचं फर्मान होतं. ज्याच्या वहीतलं लिहिलेलं पान गेलं तो वर्गातून गेला, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

कोंडिबाला ह्या नियमाने पछाडलं. त्याने पहिल्याच दिवशी वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक ते ऐंशी असे आकडे घातले. बायकोकडून वहीला जुन्या गोधडीच्या कापडाचं वेष्टण शिवून आणलं आणि त्यावर सुतळीची गाठ मारू लागला. ही गाठ त्याची स्वतःची होती, बैलाच्या दाव्याची असते त्यातली, पण उलटी फिरवलेली. वही कपाटात टाकणारा तो शेवटचा आणि सकाळी उचलणारा पहिला. गाठ न्याहाळायची, सोडायची, पानं मोजायची, मग खाली बसायचं. साहेब तोवर हजेरी संपवून पहिला परिच्छेद सांगून मोकळे झालेले असायचे. तो राहून गेलेला भाग तो माझ्या वहीतून उतरवून घेई आणि वर विचारी, "बराबर लिवलंय ना? का मला चुकीचं दावतोस?"

मला त्याचा राग यायचा, पण तो एवढा का धडपडतो हे हळूहळू कळलं. घरची शेती तिघा भावांची. "मी मिस्त्री हुनार, मला नांगर नको," असं भरल्या पारावर सांगून तो बाहेर पडला होता. थोरला भाऊ म्हणाला होता, तीन महिन्यांनी परत येशील तेव्हा तुझा नांगर जागेवर असेल. "त्यो नांगर रोज पुसून ठिवतोय," कोंडिबा मला म्हणाला. "मला दिसंल असा ठिवतोय." त्याला आठांत यायचंच होतं.

दोन महिने झाले असतील. एका संध्याकाळी फाटकावर 'सावंत' अशी माझ्या नावाची तार आली, आई अत्यवस्थ. रजेचा अर्ज तिथल्या तिथे द्यायचा होता आणि माझी भारदस्त वही कपाटात गेली होती; एकदा आत गेलेली वही सकाळपर्यंत बाहेर निघत नसे. कचेरीतला कारकून कागद द्यायला तयार नव्हता. कोंडिबाची वही मात्र, शेवटी टाकायची म्हणून, अजून बंडीत होती. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, गाठ सोडली आणि शेवटाकडचं एक कोरं पान निवडलं. दुमडीवर नख फिरवून फिरवून त्याने ते पार मुळापासून असं सोडवलं की तिथे पान होतं हे कुणाला कळलं नसतं. "अर्धं फाटल्यालं दिसलं की चौकशी व्हती," तो म्हणाला. "लिव. आईला बघून ये." त्या माणसाने वहीचं पान द्यावं ह्याचं मला त्या घाईतही नवल वाटलं.

आई वाचली. पाच दिवसांनी मी परतलो आणि दुसऱ्याच सकाळी कोंडिबा वही हातात घेऊन उभाच्या उभा राहिला. बारा नंबरचं पान नव्हतं. सेफ्टी व्हॉल्व्हची आकृती त्याच पानावर होती. गाठ जशीच्या तशी, पान मात्र गायब. त्याने वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "माझी गाठ कशी पडती ते शेजारी बसून ह्येनंच बघितलंय," तो साहेबांना म्हणाला. "चार-पाच दिस कुटं गेला व्हता ते बी इचारा."

साहेबांनी आम्हा दोघांना कचेरीत नेलं. मी संतापलो होतो. आईच्या उशाशी बसून आलेल्या माणसाला हा चोर म्हणत होता. मी म्हणालो, "साहेब, ह्यानेच ते लपवलंय. मला घालवलं की आठांत एक जागा मोकळी होते." हे मी नुसतं रागाने बोललो नाही, मला ते खरंच वाटत होतं. कोंडिबाचा चेहरा काळवंडला. साहेब थंडपणे म्हणाले, "एक पान गेलंय. दोघांपैकी एक जण जाईल, नाहीतर दोघेही." आणि मी नेमका कोणत्या तारखांना नव्हतो ते बघायला त्यांनी फायलीतून माझा अर्ज काढला.

अर्जाच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता, एकोणसत्तर. मी तो बघत राहिलो. बारा आणि एकोणसत्तर. वही ऐंशी पानांची. म्हणजे एक पुढून बारावं, दुसरं मागून बारावं. मी साहेबांची परवानगी घेऊन माझी निळी वही आणली, शेवटचं पान कोंडिबासारखं नख फिरवून मुळापासून काढलं आणि पहिलं पान नुसतं चिमटीत धरलं. ते अलगद हातात आलं. वही म्हणजे मधोमध दुमडून शिवलेले मोठे कागद. मागचं पान काढलं की पुढचा त्याचा जोडीदार सुटतो. कोंडिबाने थोडी कड ठेवून फाडलं असतं तर बारावं पान दोऱ्याला धरून राहिलं असतं. त्याने फार सफाईने फाडलं होतं.

शिपायाने कपाट पुढे ओढलं. खालच्या फळीच्या मागे, धुळीत, वेष्टणाच्या उघड्या कडेतून निसटलेलं बारावं पान पडलेलं होतं, आकृतीसकट. साहेब हसले आणि आम्हाला वर्गात जायला सांगितलं. कोंडिबा हसला नाही. व्हरांड्यात तो थांबला आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलला, "म्हंजे ह्येला दिलं म्हनून माझं गेलं."

माफी त्याने मागितली नाही, मीही मागितली नाही. दोन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत वही उलटीपालटी करत बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याने दाभणाने शिवणीचा दोरा सैल केला, वहीच्या अगदी मधला कोरा कागद बाहेर काढला आणि तो दुहेरी कागद माझ्यापुढे ठेवला. "घे. आईला लिव. ह्ये मधलं हाय. मधलं दिलं तर दुसरं कुनाचं काय सुटत न्हाई." पुढे कुणीही कागद मागितला की तो मधलाच काढून द्यायचा, आणि द्यायचा हे विशेष.

आम्ही दोघेही आठांत आलो. थोरल्या भावाने नांगराचं काय केलं हे मी विचारलं नाही. चारेक वर्षं एकाच पाळीत बॉयलर सांभाळून मी मुंबईच्या एका गिरणीत गेलो. निरोप घेताना त्याने माझी ट्रंक तपासली. कुलूप ओढून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये कुलूप मला बरं वाटत न्हाई."

वर्षभराने त्याचं पत्र आलं. कार्ड नव्हे, कार्ड टपालवाला वाचतो. पाकिटात वहीचा मधला दुहेरी कागद होता, दुमडीवर दोऱ्याची भोकं. डाव्या पानावर चार ओळी होत्या. तब्येत बरी नाही. काम काही नाही. एकदा येऊन जा. उत्तर उजवीकडच्या पानावर लिही, फाडू नको, तसंच पाठव.

काम काही नाही ह्या शब्दांवर मी अडखळलो. कोंडिबा आणि विनाकारण बोलावतो? कुणा पुतण्याला गिरणीत चिकटवायचं असणार. आज लिहू, उद्या लिहू करत मी ते पत्र, कायम झाल्यावर परत मिळालेल्या निळ्या वहीत ठेवून दिलं.

तीन-चार महिन्यांनी कुरुळीचा एक माणूस गिरणीच्या फाटकावर भेटला. कोंडिबा गेला होता. छातीचं दुखणं होतं. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का?

"रोज इचारायचा, पत्र आलं का म्हनून," तो माणूस म्हणाला. "मरेपतूर टपालवाल्याशी भांडला. त्येनंच पत्र दाबलंय म्हनायचा. आमी म्हनलं, आरं, त्येनं लिवलंच नसंल. तर आमच्यावरच उखडला. म्हनला, सावंत लिवल्याबिगर ऱ्हायाचा न्हाई."

ते उजवीकडचं पान माझ्याकडे अजून कोरं आहे.