भाऊबंदांचं गाव काट

आमच्या सेनगावकडच्या तांड्यावर शकुंतलाबाईला विचारल्याशिवाय कोणी लेक दिल्याचं मला आठवत नाही. ती माझ्या चुलतभावाची, मोहनसिंगची थोरली बहीण. दिलेली ओढ्यापलीकडच्याच तांड्यावर, त्यामुळं सासर-माहेर दोन्हीकडं तिचाच शब्द. लेक द्यायचं गाव ती चाळून घ्यायची. आधी पाणी बघायची, मग सासू, आणि सगळ्यांत वर गोत. आमच्या राठोडांची वस्ती निघाली की हात झटकायची. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. माझी बायकोही तिनंच चाळून आणलेली. त्याबद्दल मी तक्रार केलेली नाही, करायची सोयही नाही.

२००४ साली मोहनसिंगची मीना बारावी झाली आणि डी.एड.च्या कॉलेजांची भलीमोठी यादी घरात आली. मोहनसिंगचं म्हणणं एकच, आपली माणसं असतील तिथं शिकायचं आणि त्यांच्याच घरी राहायचं. मीनाला नेमकी याचीच धास्ती. तिची चुलतबहीण निता अशीच नांदेडला नातलगांकडं शिकायला गेली होती. तिथल्या काकूची बाळंतपणं आणि घरभराच्या भाकरी उरकून ती परत आली, परीक्षा तेवढी राहिली. मीनाला होस्टेल हवं होतं, पण बापापुढं तसं बोलायची तिची छाती नव्हती.

गावं निवडायची म्हटल्यावर मोहनसिंगनं सवयीनं बहिणीला बोलावलं. वाचायला मला बसवलं. बोलणं आमच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत झालं, मी मराठीत सांगतो.

"हिंगोली," मी म्हणालो.

"लई जवळ. काट."

"पुसद."

"तिथं कोण हाय?"

"आपलेच राठोड. गल्लीच हाय त्यांची."

"भाऊबंदांचं गाव. काट."

नांदेड गेलं, वाशीम गेलं. प्रत्येक ठिकाणी आमचा कोणी ना कोणी चुलता निघाला आणि बाईनं हात झटकला. मी मोहनसिंगकडं बघितलं. तो गंभीरपणे मान डोलवत होता. इतक्या सोयरिकींत त्यानं याच ठिकाणी मान डोलवली होती, मानेला दुसरं काही सुचणार कसं? मला सुचलं होतं. पण चहा घेऊन आलेली मीना यादीवर डोळे लावून दारातच थांबली होती. मला त्या पोरीची माया आली आणि मी पुढचं नाव वाचलं.

"अंबाजोगाई."

"कोण हाय?"

"कोणीच न्हाई. पोरींचं होस्टेल हाय म्हणतात."

"पाणी?"

"बरं हाय."

"राहू दे."

अर्ज तसाच गेला आणि मीनाचा नंबर अंबाजोगाईला लागला. मोहनसिंग खुशीत सेनगावच्या बाजारात पत्र्याची ट्रंक घ्यायला गेला. दुकानदारानं सहज विचारलं, पोरगी तिथं कोणाकडं राहणार? तेव्हा कुठं याच्या डोक्यात उजेड पडला. ट्रंक घेऊन तो तसाच ओढा ओलांडून बहिणीच्या दारात उभा राहिला. मी तिथंच बसलेलो होतो.

"बाई, लगीन थोडंच लावायचं होतं? जिथं आपली माणसं हायेत तीच गावं काटली काहून?"

"चुकलंच रे," ती सुपारी कातरत म्हणाली. "हाताला सवय पडली. पण तू बी तर मान डोलवून राहिला होतास."

प्रवेश तर झाला होता. ट्रंक खांद्यावर टाकून तो निघून गेला.

"बाई," मी विचारलं, "खरंच चुकली का तू?"

तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि ओढ्यापार, माहेराकडं बोट केलं. "मला बापानं हाकेवर दिली. सासू खेकसली की माह्या मायला ऐकू यायचं. मी जरा मोठ्यानं हसले की सांजच्याला दोनी तांड्यांवर खबर. सगळी आपलीच माणसं. लई तकलीफ झाली त्या आपल्या माणसांची."

तिनं सुपारी तोंडात टाकली.

"पोरीला सांग, तिथं कोणी राठोड भेटलाच तर वळख देऊ नको म्हणावं."