शनिवार दुपार, अविनाशचं गॅरेज

चार माणसं दर शनिवारी दुपारी एका गॅरेजमध्ये गाणी ऐकायला बसली, की दोन-तीन वर्षांत किस्से इतके साठतात, की आधी कुठला सांगावा तेच कळत नाही. आमच्या चौघांतला एक आता नाही. त्यामुळे उरलेले तिघं आम्ही ते जरा जास्तच सांगतो. एकाने सुरू केलं, की दुसरा मध्येच, "असं नव्हतं झालं यार!"

गॅरेज अविनाशचं, टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये. अविनाश नागपूरचा, डेटाबेसवर काम करायचा, बोलायचा कमी. त्याच्या समोरच्या घरात नलिनीकाकू, साताऱ्याच्या पोस्टातून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेल्या. तिसरा दादरचा गिरीश, माझ्याच ऑफिसातला. चौथी मी. अविनाशची बायको स्वाती मात्र "मला ते बँजो झेपत नाही" म्हणून घरातच बसायची.

गाणी कसली, तर इथे ज्याला अमेरिकाना किंवा रूट्स म्हणतात ती. गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, आणि शेत, बंद पडलेली खाण, मोडलेलं लग्न असे विषय. दर शनिवारी एकाने नवा गायक आणायचा. अट एकच: बाकीच्या तिघांनी त्याचं नावही ऐकलेलं नसावं.

*

अविनाशला हा नाद लागला तो हायवेवर.

क्लायंटच्या कामासाठी तो अमारिलोला ड्राइव्ह करत होता. रेडिओवर कुठलंतरी छोटं स्टेशन लागलं. एक बाई गात होती, वडिलांच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपाबद्दल. सोबत नुसती फिडल. आवाज खरखरायला लागला, तशी अविनाशने कार कडेला घेऊन थांबवली. पुढे गेलं तर स्टेशन जाणार!

पाच मिनिटांत मागे पोलिसांची गाडी. पोलिसाने काचेवर टकटक केलं. "कार बंद पडली का?"

अविनाश म्हणाला, "नो सर. साँग."

पोलीस खाली वाकला. ऐकत राहिला. एक हात कारच्या टपावर ठेवून त्याने अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर निवेदकाने नाव सांगितलं, आणि नेमकी तेव्हाच खरखर आली.

"काय नाव म्हणाला?" पोलिसाने विचारलं.

"मला वाटलं तुम्ही ऐकलं!"

अविनाश हे सांगताना कधी हसायचा नाही. "तिले मी अजून शोधून राहिलो बे," एवढंच म्हणायचा.

*

नलिनीकाकू पहिल्यांदा आल्या त्या घरी एकट्याने बसवेना म्हणून. मुलगा-सून कामावर, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी. रस्ता ओलांडून आल्या आणि फोल्डिंगच्या खुर्चीत पदर आवरून बसल्या.

त्या दिवशी माझा नंबर होता. मी एका म्हाताऱ्या खाणकामगाराची गाणी आणली होती. गिटार जेमतेम, आवाज फाटलेला. काकूंना इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून गिरीश त्यांच्या कानाशी बसून एकेक ओळ मराठीत सांगायला लागला. "काकू, तो म्हणतोय की त्याचा भाऊ खाली राहिला..."

काकूंनी हात वर केला. "अर्थ नको सांगूस रे. मला कळलं होतं. तू सांगितलंस आणि गेलं."

पुढे कितीतरी शनिवार गिरीश त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचा!

*

गिरीशचा किस्सा गिरीश स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एकदा त्याने एका तरुणाचं गाणं लावलं. युद्धावरून परत आलेल्या मुलाला त्याचा कुत्रा ओळखत नाही, असं काहीतरी. फारच सुंदर. अविनाशने दोनदा लावायला लावलं. काकूंनी डोळे पुसले. मग गिरीश टाळी वाजवून म्हणाला, "गंडलात! असा कोणी माणूसच नाहीये. शब्द, चाल, आवाज, सगळं मी कॉम्प्युटरकडून करून घेतलंय. वीस मिनिटांत!"

त्याला वाटलं होतं आम्ही हसू. अविनाशने स्पीकर बंद केला. मी उगीच फोन बघायला लागले.

काकूंनी विचारलं, "मग मी रडले ते कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी गिरीश तीन तास ड्राइव्ह करून एका गावातल्या जत्रेत गेला. तिथे मक्याच्या कणसांच्या स्टॉलशेजारी एक बाई ऑटोहार्प, म्हणजे आपल्या स्वरमंडळासारखं वाद्य, वाजवत होती. तिला विचारून त्याने फोनवर रेकॉर्ड केलं. पुढच्या शनिवारी आल्या आल्या काकूंना फोटो दाखवला. "ही बघा. खरी आहे. मी हात मिळवलाय."

*

मग अविनाशला कॅन्सर निघाला. पोटातला, आणि उशिरा कळलेला.

केमो शनिवारी नसायची, पण तो बहुतेक ॲडमिटच असायचा, म्हणून शनिवार आता हॉस्पिटलमध्ये व्हायला लागले. आम्ही आळीपाळीने जायचो. एकदा मी त्याच्या आवडीची जुनी लिस्ट लावली. आमच्या पहिल्या वर्षातली. दोन गाण्यांनंतर तो म्हणाला, "बंद कर. जुनी नको लावू. निरोप देतेयस असं वाटतं. नवीन आण."

त्यानंतर आम्ही तिघं वेड्यासारखे नवीन गाणी शोधायचो. मीटिंगमध्ये, लायब्ररीत, लॉन्ड्री करताना.

तिथल्या एका नर्सला हे कळलं. तिचा मावसभाऊ ओक्लाहोमात गायचा. तिने लाजत लाजत त्याचं गाणं लावलं. अविनाशने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "ओके आहे. दुसरं कडवं कच्चं आहे."

ती हसली, "त्याला सांगते," म्हणाली आणि गेली. गिरीश मात्र वैतागला. "अरे, एवढं करते ती तुझं! आता तरी जरा खोटं बोल ना यार!"

अविनाश म्हणाला, "आता कुठे सुरुवात करू बे?"

तो गेला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि स्वाती त्याच्या पायाला क्रीम लावत होती. तिला दोन मिनिटं कळलंच नाही.

*

त्यानंतर गॅरेज उघडलं नाही. दोन महिन्यांनी स्वातीचा फोन आला. अविनाशच्या मेलवर एक निमंत्रण आलं होतं. आर्कान्सामधली एक तरुण गायिका जवळच्याच डेंटनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात रविवारी गाणार होती. "मी जाणार आहे," स्वाती म्हणाली. "तुम्ही याल?"

दुकानात ऐकायला मोजून अकरा माणसं. मुलगी पंचविशीची, चष्मा, पायात शेतावरचे बूट. चांगली गायली. लोक पांगल्यावर स्वाती पुढे गेली आणि अविनाशचं नाव सांगितलं. तो गेला, हेही सांगितलं.

मुलीने गिटार खाली ठेवली. "तो मला मेल करायचा. प्रत्येक गाण्याबद्दल. गॅरेजमध्ये ऐकून तुम्ही लोक काय म्हणालात तेही लिहायचा." मग आमच्याकडे बघून तिने विचारलं, "तुमच्यात काकू कोण?"

नलिनीकाकूंनी शाळेत करतात तसा हात वर केला.

"माझ्या तिसऱ्या गाण्याला तुम्ही चहा टाकायला उठून गेला होतात."

आम्हाला कुणालाच ते आठवत नव्हतं. मी काकूंना मराठीत सांगितलं. काकू ओशाळल्या.

"मी ते बदललंय," मुलगी म्हणाली. "आज मुद्दाम गायले नाही. म्हणू?"

दुकानदार खुर्च्या आवरत होता. तो थांबला. ती गायला लागली. काकू मागच्या रांगेत होत्या, मान खाली. अर्ध्या गाण्यात त्या एकदम उठल्या. गिरीशने माझा दंड घट्ट धरला. स्वातीने तोंडावर हात ठेवला.

काकू दाराकडे गेल्या नाहीत. भिंतीला टेकवलेली एक खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, त्या मुलीच्या अगदी समोर आणून उघडली आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

"पहिल्यापासून म्हण," काकू म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच त्या मुलीने पहिली ओळ पुन्हा धरली होती.