अंग घासणाऱ्या बाईची पाठ

योंगदो बेटावर गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक हमाम आहे. तिथे थाक ओक-बुन बायकांची अंगं घासते. बाई गरम पाण्यात मुरून आली की रेक्झिनच्या बाकावर आडवी होते. ओक-बुन हातात खरखरीत हिरवा मोजा चढवते आणि मानेपासून टाचेपर्यंत तिचा मळ काढते. हे काम काळ्या ब्रा-चड्डीत करायचं असतं, कारण त्या वाफेत अंगावर दुसरं काही टिकत नाही.

साठीला टेकलेल्या ओक-बुनचा डावा स्तन कर्करोगात गेला. कामावर परतली तेव्हा तिने ब्रामध्ये स्पंज भरला होता. एका शनिवारी तो पाणी पिऊन जड झाला आणि बाकावरच्या बाईच्या पोटावर पडला. बाईने डोळे न उघडताच तो उचलून परत दिला. "तुमचा साबणाचा स्पंज पडला," ती म्हणाली.

दिवसाचं उरलेलं काम ओक-बुनने शेजारच्या बाकावर अंगं घासणाऱ्या माल-ऱ्येवर टाकलं. माल-ऱ्ये तिच्याहून लहान, तोंडाने फटकळ.

"ताई, अंगातलंच मांस घेऊन नवा बनवून देतात म्हणे."

"या वयात कुणाला दाखवायचाय?"

"कुणाला म्हणजे? आपल्या धंद्यात अख्ख्या बेटाला दाखवायचाय!"

प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टर प्यो चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. ओक-बुनबरोबर सून से-रिन आली होती. से-रिनचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. लग्न ठरताना ओक-बुनच्या मुलाने सासरी सांगितलं होतं की आई घरीच असते. ओक-बुनने ते खोडून काढलं नव्हतं. त्यानंतर सणासुदीला व्याही-विहिणीसमोर ती हात मांडीखाली घेऊन बसायची. पाण्याने पांढरी पडलेली बोटं दिसू नयेत म्हणून.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. सिगरेट? नाही. रक्त पातळ करणारी गोळी? नाही. काढे? विहिणीने पाठवलेला जिनसेंगचा अर्क चालू होता. तो बंद करायला सांगितला, त्याने रक्त लवकर थांबत नाही.

"काम काय करता, काकू?"

सून शेजारीच बसली होती.

"काही नाही. घरीच असते."

"मग पाठीचा स्नायू घेऊ. कातडीसकट काखेखालून पुढे फिरवायचा. ऑपरेशन त्यातल्या त्यात लहान. त्या हाताचा जोर थोडा कमी होतो, दाबायला, ओढायला. घरकामाला अडत नाही."

ओक-बुन डावरी. काढायचा होता तो स्नायूही डावीकडचाच. तिने मान हलवून होकार दिला. घरी जाताना बसमध्ये तिने डावा हात दोनदा मुठीत आवळून पाहिला, पण परत जाऊन बोलली नाही.

नर्सने सांगितलं होतं की ऑपरेशनला येण्याआधी अंगाला मलम लावू नका, वस्तरा फिरवू नका, स्वच्छ आंघोळ करून या. आता योंगदोत स्वच्छ आंघोळ म्हणजे नुसतं पाणी-साबण नव्हे. मळ निघाला नाही तर ती आंघोळ कसली? आणि डॉक्टर अंगावर पेनाने खुणा करणार होत्या. पेनाखाली मळाची शेवई निघाली तर? जन्मभर दुसऱ्यांचा मळ काढणाऱ्या बाईच्या अंगावर?

"पाठ मी घासते की, हलक्या हाताने," माल-ऱ्ये म्हणाली. "स्वतःची पाठ कुणी स्वतः घासतं का?"

"नको."

कापलेली छाती ओक-बुनने डॉक्टरांशिवाय अजून कुणाला दाखवली नव्हती. हमामाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, ती एकटीच आत गेली. पाठीसाठी लांब दांड्याचा घासणा घेतला, छातीसाठी मोजा. व्रणाभोवतीची कातडी पहिल्या ऑपरेशनपासून बधिर होती. किती घासलं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्योंनी खुणांसाठी पेन उघडलं आणि थांबल्या. पाठीवर लाल पट्टे उठले होते. व्रणाजवळ कातडी सोलून ओलसर झाली होती.

"हे काय केलंत? अशा कातडीवर चिरता येत नाही. जंतू सरळ आत जातील. आज ऑपरेशन नाही."

से-रिन पुढे वाकली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "आई, त्या हमामातल्या बाईकडून घासून घेतलंत ना? अहो, त्यांना काय अक्कल असते! माणूस आहे की मुळा, काही बघत नाहीत. कुठला हमाम? नाव सांगा बाईचं. मी आत्ता मालकाला फोन लावते."

से-रिनने खरंच फोन काढला.

"ठेव तो. ती बाई मीच."

"म्हणजे?"

"मी तिथे कामाला आहे. तू घरात आलीस त्याच्या आधीपासून. अंगं घासते."

से-रिनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"जोर कुठल्या हाताचा?"

"डाव्याचा."

"मी त्याच बाजूचा स्नायू काढणार होते. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"ते विचारायचं म्हणून नव्हतं विचारलं, काकू. तुम्ही काय काम करता त्यावर मांस कुठून घ्यायचं ते ठरतं." त्यांनी ओक-बुनच्या पोटाची वळी चिमटीत धरून पाहिली. "हे पुरेल. ऑपरेशन मोठं होईल, पुढे काही महिने वजन उचलायचं नाही. पण हात राहील. कातडी भरली की या. आणि तोवर मोज्याला हात लावू नका."

डॉक्टर गेल्या. ओक-बुन कपडे घालू लागली. पाठीला कापड झोंबत होतं. से-रिनने मागून ब्लाऊज सैल धरून ठेवला, पण नजर खिडकीकडे.

"परवा माझे आई-बाबा तुम्हाला बघायला यायचे होते," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

ओक-बुनने बाही चढवली.

"ताप आला म्हणून पुढे ढकललं, असं सांग."

"बरं," से-रिन लगेच म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या आईला फोन लावला. ओक-बुन उरलेली बटणं लावत राहिली.