पिवळा ठिपका

"किचन तिकडे आहे, डियर. डाव्या हाताला."

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत, वंश-समानता समितीच्या माझ्या पहिल्या बैठकीत मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारे समितीचे अध्यक्ष. उंच, गोरे, गालांवर गुलाबी झाक. मी त्या समितीची सदस्य होते. बाहेरून आलेल्यांतली एक बाई हवी म्हणून रीतसर नेमलेली. टेबलावर माझ्या नावाची पाटीसुद्धा होती, दारातूनच दिसत होती मला. पण माझ्या हातात स्टीलचा हा एवढा डबा, अंगावर लग्नातली जरीची साडी. पहिल्यांदा कुणाकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, असं मायनं शिकवलेलं. साहेबांना वाटलं, जेवणवाली आली.

आता शहाण्या बाईनं काय करावं? म्हणावं, साहेब, ती बघा माझी पाटी, ती बघा माझी खुर्ची. मी काय केलं? मी डावीकडे गेले.

नुसती गेले असते तरी बरं होतं. मी किटली लावली. कप विसळले. सिंकमध्ये कुणाच्या तरी कालच्या बशा पडल्या होत्या, त्याही घासल्या. बशांत सांबारवड्या मांडल्या. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचं सारण भरून तळलेली वडी ती. सगळ्यांना वाढून झाल्यावर पदराला हात पुसले आणि पाटीमागच्या खुर्चीत जाऊन बसले. अध्यक्ष "ओह!" म्हणाले. मग हसले. मग अजून एक वडी उचलली.

मला वाटलं, माफी मागितली त्यांनी. हसा, हसा. मीही हसते आता. दोन लेकरांची माय होते हो, काही कुकुलं बाळ नव्हते.

पण तेव्हा मला अपमान कळलाच नाही. त्याचं कारण सांगते, मग हसा.

मी ज्या वस्तीतली, तिथल्या बाईच्या हातचं गावात कुणी खात नसे. माय लग्नघरी लाकडं फोडायला जायची, चुलीजवळ मात्र तिला येऊ देत नसत. शाळेत मी डब्यातली भाकर पुढे केली की पोरी हात मागे घ्यायच्या. वाटलं होतं, समुद्र ओलांडला म्हणजे हेही ओलांडलं. आमच्या ह्यांना हॅलिफॅक्सच्या गोदीत फिटरची नोकरी लागली, आम्ही आलो. इथल्या मराठी मंडळाच्या एक पुण्याच्या वहिनी दिवाळीचं आमंत्रण द्यायला घरी आल्या. आडनाव विचारलं. भिंतीवरचा कोट-चष्म्यातला फोटो पाहिला. चहा नको म्हणाल्या, ॲसिडिटी होते. दिवाळीला चर्चच्या बेसमेंटमध्ये प्रत्येकीनं काही ना काही करून आणलं होतं. माझा डबा पाहून वहिनी म्हणाल्या, "अय्या, किती सुंदर!" आणि तो टेबलाच्या पार टोकाला, कागदी नॅपकिनच्या गठ्ठ्यामागे नेऊन ठेवला. भरलेला नेला, भरलेला आणला.

आणि इथे गोरे साहेब माझ्या हातचं बोटं चाटून खात होते. शिवाशिव नाही, आडनाव नाही. मला वाटलं, आली बाप्पा समता. बशीत बसून आली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, सगळ्यांनी खाल्लं! एक उरली नाही!"

हे बूट काढत होते. म्हणाले, "आणि तू बोलली काय तिथं?"

बोलायचं राहूनच गेलं होतं.

पुढे तर रीतच पडली. बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "ती छोटी छोटी गंमत आणाल ना?" आणायचे. ते तिला स्प्रिंग रोल म्हणायचे, मीही होला हो करायचे. वर्तमानपत्रवाले यायचे असले की साडी नेसून या, असं सांगायचे. नेसायचे. फोटोत मी पुढे, बोलण्यात कुठेच नाही. इतिवृत्तात माझं नाव शेवटच्या ओळीत, चहापाण्याच्या आभारात. ते कात्रण मी नागपूरला मायला पाठवलं. काय थाट होता माझा! शहराची समता मी तळून काढत होते.

पोटासाठी काम करायचे ते वेगळं. शहराच्या पैशावर चालणारा एक मोठा वृद्धाश्रम होता. तिथे म्हाताऱ्यांना भरवायचं, अंघोळ घालायची, कूस बदलायची. काही खोल्यांच्या दारावर, नंबराच्या खाली, एक पिवळा ठिपका चिकटवलेला असे. रुपयाएवढा. मला वाटलं, मधुमेहवाले असतील. म्हणून एकदा ठिपक्याच्या खोलीत मी बिनसाखरेची लापशी घेऊन गेले, मोठ्या हुशारीनं. म्हातारीनं चमचा पाहिला. मग माझा हात पाहिला. तोंड मिटून घेतलं. आणि बेल दाबून म्हणाली, "मला स्वच्छ बाई पाठवा."

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये व्हर्ना चादरींची गाडी ढकलत होती. व्हर्ना काळी. तिच्या मागच्या कितीतरी पिढ्या याच मातीतल्या. अध्यक्षांचे पणजोबा बोटीतून उतरले तेव्हा व्हर्नाचे पणजोबा इथे शेत नांगरत होते. आणि लोक तिला अजून विचारायचे, तू मूळची कुठली?

"ठिपका बघितला नाहीस?" ती म्हणाली.

"बघितला ना. शुगर आहे म्हातारीला."

व्हर्ना गाडीवर ओणवी होऊन हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "ठिपका म्हणजे आपण नाही. तू नाही, मी नाही. त्या खोलीत गोऱ्याच बाया जायच्या. तोंडानं कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं."

तोंडानं कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. अवं माय! हे तर मी पाळण्यात शिकले होते. आमच्या गावच्या विहिरीवर कुठे पाटी होती? भाषा तेवढी वेगळी होती, म्हणून मला ओळखू आलं नाही.

ठिपके वाढत गेले. वाढले तशी आमची कामं कमी झाली, आम्ही कपडे धुण्याच्या खोलीत गेलो, तिथेही तास कापले. अशात एका दुपारी ठिपक्याच्या खोलीतला एक म्हातारा वॉशरूममध्ये पडला. ओरडत होता. जवळ व्हर्नाच होती. ती आत गेली, त्याला उचललं, डोक्याचं रक्त पुसलं, अंथरुणावर निजवलं. म्हाताऱ्यानं तक्रार केली: परवानगी नसताना काळी बाई खोलीत आली. व्यवस्थापनानं व्हर्नाला घरी बसवलं.

तिनं समितीकडे अर्ज केला. नोकरी परत द्या आणि ठिपके काढा. समिती आमचीच. म्हणजे माझीही.

मला वाटलं, आता काय, झालंच काम. आपली माणसं आहेत, आपल्या हातचं खातात.

बैठकीच्या आदल्या दिवशी फोन आला. "उद्या जरा जास्त आणा हं, पेपरवाले आहेत." आणि मी, ही अक्कलवान बाई, पहाटे उठून तळत बसले. मैत्रिणीच्या भाकरीचा निकाल लागायचा होता आणि मी सारणात खसखस पुरेल का, या चिंतेत.

व्हर्नाचा विषय सगळ्यात शेवटी ठेवला होता. पार्किंग झालं, वाचनालयाचं रंगकाम झालं. मग व्हर्ना उठली. चर्चला जाताना घालायची ती टोपी घालून आली होती. काय झालं ते तिनं सरळ सांगितलं. रडली नाही. आवाज चढवला नाही. सांगून बसली.

मग अध्यक्ष म्हणाले, "थँक यू फॉर शेअरिंग. हृदयाला भिडलं. वेळ फार झालाय, तर यावर पुढे कधीतरी सविस्तर बोलू. आता आपण..." आणि त्यांनी डब्याकडे पाहिलं.

मी हात वर केला. इतक्या बैठकांत पहिल्यांदा.

"येस, डियर? इज द टी रेडी?"

सगळे हसले. वाईट मनानं नाही. प्रेमानं हसले. ते प्रेमच मला चावलं.

मी उठले. "नो टी," मी म्हणाले. "आय ॲम मेंबर."

पुन्हा हसू. मला वाटतं, त्यांना वाटलं मी विनोद करते आहे. तेव्हा मी टेबलाभोवती फिरले आणि बशा उचलायला लागले. एकेकाच्या पुढ्यातून. एका नगरसेवकाची अर्धी वडी तोंडात, अर्धी बशीत. बशीतली अर्धी मी घेतली. त्यानं बशी धरून ठेवली. मी ओढली. वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. पहिल्यांदाच माझा न हसणारा फोटो.

सगळ्या वड्या डब्यात परत भरल्या, झाकण लावलं आणि मोडक्या-तोडक्या इंग्रजीत बोलले ते असं: "तुम्ही माझ्या हातचं खाता. त्या खोल्यांतल्या लोकांना माझा हात चालत नाही, म्हणून तुम्ही त्यांना ठिपका देता. मला वाटत होतं, तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगले. तुम्हाला हात चालतो, माझं तोंड चालत नाही. आज मत घ्या. नाहीतर मी इथून उठत नाही, आणि तुम्हालाही उठू देत नाही."

मत घेतलं. ठराव पडला. थोडक्यात नाही, चांगला आपटला. कारण काय दिलं? वृद्धांच्या भावना.

बाहेर नगरपालिकेच्या पायरीवर व्हर्ना बसली. बंदरावरून वारं असं येत होतं की कानाच्या पाळ्या गळून पडतील. म्हणाली, "आण तो डबा. इतके दिवस या लोकांना चारलंस, मला कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दोघींनी तिथेच बसून खाल्लं. हातमोजे काढून.

पुढच्या खेपेला समितीवर माझं नाव नव्हतं. आम्ही दोघी दर रविवारी वृद्धाश्रमाच्या फाटकासमोर उभ्या राहायला लागलो. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फक्त एक मोठा पिवळा ठिपका. आई-बापाला भेटायला येणारी मुलं-सुना विचारायच्या, हे काय? आम्ही सांगायचो. काही जण लाल व्हायचे, आत जाऊन बापाच्या दारावरचा ठिपका नखानं खरवडायचे. काही जण गाडी मुद्दाम चिखलातून न्यायचे, आमच्या अंगावर उडेल अशी. हळूहळू इतर बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यांची युनियन आली, पेपर आले. शेवटी एके दिवशी सगळे ठिपके गेले. व्यवस्थापन म्हणालं, दारांना नवा रंग द्यायचा होता. व्हर्नाला नोकरी काही परत मिळाली नाही. ती वारली तेव्हाही तिच्या बडतर्फीचा कागद कुणी फाडलेला नव्हता.

तिथून माझं हे दुसरं आयुष्य सुरू झालं. आयोग, विद्यापीठं, पोलिसांच्या चौकशा, बसवाल्यांचे संप. पेपरांनी मला 'अँग्री लेडी' केलं. टीव्हीवर दिसायला लागले तशा पुण्याच्या वहिनी शाल-श्रीफळ घेऊन आल्या. चहाही घेतला. मी म्हणाले, आता इथल्या जातीवरही बोलणार आहे. कप खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, इथे कुठली जात? उगाच कशाला आणता ती कॅनडात?"

"मी नाही आणली वहिनी," मी म्हणाले. "तुमच्याच सामानात आली. वजनात बसली वाटतं."

पुढे नाही आल्या.

आता माझी पंच्याहत्तरी उलटली. हे गेले. गुडघे गेले. टबात पाय टाकायला भिंत धरावी लागते. नात शहराच्या दुसऱ्या टोकाला असते, तिनंच फोनाफोनी करून एक एजन्सी शोधली, घरी येऊन अंघोळ घालणारी. मागच्या महिन्यात एजन्सीच्या मुलीचा फोन आला. आवाज कोवळा, गोड. नाव, पत्ता, औषधं विचारून झाली. मग म्हणाली, "घरी कोण यावं, याबद्दल तुमची काही पसंती?"

"बाई पाठवा," मी म्हणाले. "अंघोळ आहे."

"शुअर. आणि बॅकग्राउंड?"

"म्हणजे?"

"म्हणजे... काहींना अमुक लोक नको असतात. सिस्टीममध्ये तसा ऑप्शन आहे. सगळेच सांगतात, मॅम. तुम्हाला तुमच्यातली हवी असेल तर तेही टाकते."

माझ्यातली. पोरीनं किती मायेनं विचारलं! दारावरचा ठिपका खरवडला, तो कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसला. आणि या वेळी तो लावायला माझ्याच हातात दिला.

मी सांगितलं, हा प्रश्न तुमच्या सिस्टीममधून निघेपर्यंत मी तुमची बाई घेणार नाही. तुमच्या वरच्यांना कळवा. मीही कळवते.

नातीचा फोन आला. "आजी, जस्ट टिक एनिवन अँड मूव्ह ऑन! यू कुड फॉल!"

"पडले तर उठेन गं," मी म्हणाले. "आणि ओरडले तर जी जवळ असेल ती येईल. तिला कुणी घरी बसवायचं नाही, एवढंच बघायचंय मला."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग, "ओके. व्हॉट डू यू नीड?"

"कार लागेल. ड्रायव्हर लागेल."

माझ्या तक्रारीवर प्रांताच्या आरोग्य समितीपुढे सोमवारी सुनावणी आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. समितीवर सगळी नवी माणसं, हसरी, माझ्या नातीच्या वयाची. बहुतेक सगळी टाळ्या वाजवतील आणि पुढे कधीतरी बोलू म्हणतील. मला पुढे कधीतरी उरलेलं नाही. तो प्रश्न काढायची तारीख मला त्याच खोलीत, सगळ्यांसमोर हवी आहे. पाच मिनिटं संपली की माईक बंद करतील. करू देत. माझा आवाज माईकच्या आधीचा आहे.

तोवर मी स्टुलावर बसून, भिंत धरून, माझी मीच अंघोळ करते.