चार आकड्यांची राजीखुशी

"त्यायले काय घाई हाय टीव्हीची? थांबतात ते. त्यायले थांबाची सवय हाय."

पटेल, आमच्या गावचा पाटील, हे बोलला तवा मी त्याच्या फाटकाबाहेर उभी होती. मी ऐकून राह्यली हे त्याले दिसत होतं. मी ऐकावं म्हनूनच तो बोलला. आंगनात माझ्या बाबाच्या नावाचं खोकं फोडून पडलं होतं. खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर बाबाचं नाव, गावाचं नाव, मंडल बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद. आतली टीव्हीची डिश, आमी तिले छत्री म्हनतो, पटेलाच्या माडीवर चढली होती. छत्रीवाला शिडीवर उभा राहून तिचे नट आवळत होता.

पहिल्यापासून सांगते. राग आला की माझं मागचं पुढं होते.

माझा बाबा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला. पन दसऱ्याले त्यानं कोनाचं ऐकलं नाही. कापूस वेचनीले येवो का न येवो, पांढरा सदरा घालाचा, भाकर बांधाची, आदिलाबादेतून गाडीत बसाचं अन् नागपूरले दीक्षाभूमीवर जाचं. बाबासाहेबानं जिथं आमाले मानूस केलं तिथं वर्षातून एकदा डोकं टेकवाचं. दुसरी हौस त्या मानसाले नाही. न विडी, न चहा. यंदा उन्हाळ्यात त्याले लकवा मारला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. पोळा झाल्यापासून तो दिवसातून दहादा एकच शब्द इचारे, "नागपूर?" मी म्हनलं, बाबा, तुले जाता येत नाही तं नागपूर घरी आनते.

फोनवर दाखवून पाह्यलं. आमच्या वस्तीत टॉवर धड लागत नाही, चित्र अडकते, अन् मोतीबिंदूच्या डोळ्याले एवढं बारीक दिसत नाही. म्हनून टीव्ही आनला, दसऱ्याले दीक्षाभूमीचा सोहळा त्याच्यावर दिसते. आदिलाबादेजवळच्या मावल्यातल्या एका दुकानात छत्रीची बुकिंग केली. दसऱ्याले तवा वीस दिवस होते. दुकानदार म्हनला, चार दिवसात लागून जाते, मॅडम.

बुकिंगच्या कागदावर पत्त्याखाली जवळची खून, म्हनजे लँडमार्क, लिहावी लागते. तिथं मी चुकली. मी लिहिलं, पटेलाच्या घराजवळ. कोनी सांगतलं नव्हतं तसं लिहाले. आमच्या वस्तीतले सगळेच लिहितात. गॅसच्या कागदावर, रेशनच्या कागदावर, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा. बाहेरून येनाऱ्याले पटेलाचं घर माहीत असते, आमची वस्ती माहीत नसते. पटेलाचं घर आमच्या जवळ नाही. मधात नाला हाय. तरी आमी बापजाद्यापासून 'जवळ' लिहून राह्यलो.

पहिली तारीख आली. सकाळी दहा ते दोन. मी गावच्या मराठी शाळेत मास्तरीन हाय, सुटीचा अर्ज टाकून घरी बसली. बाबाची खाट टीव्हीकडं फिरवली. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनले छत्रीवाल्याचा फोन आला, हिंदीत. गाडी बिघडली म्हने. आज नाही जमत. तुमच्या फोनवर चार आकड्याचा ओटीपी आला असल, तो सांगा म्हनजे तारीख पुढं घेतो, नाही तं बुकिंग रद्द होते. मी सांगतला. वरून थँक्यू म्हनलं. आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावी वाटते.

दुसऱ्या तारखेले सामान उटनूरच्या गाडीत गेलं म्हने. पुन्हा ओटीपी. तिसऱ्या तारखेले म्हनला आभाळ हाय, सिग्नल भेटत नाही. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी आंगनात उभी राहून, त्या कोऱ्या आभाळाकडं पाहत, त्याले चार आकडे सांगतले. हो जी, हो जी करत. दर वेळी सकाळी बाबाची खाट टीव्हीकडं फिरवाची अन् संध्याकाळी परत भिंतीकडं. बाबा नुसता माझ्या तोंडाकडं पाहे. ते पाहनं सोसत नव्हतं.

मंग मी कंपनीले फोन लावला. तेलुगूसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. मराठीसाठी काहीच नाही. दोन दाबला. तिकडची पोरगी लय गोड बोलली. म्हने मॅडम, तिनही वेळा तुमच्याच विनंतीवरून तारीख पुढं गेली. तुमचा ओटीपी हाय ना आमच्याकडं. तुमची संमती हाय.

माझी विनंती. माझी संमती.

फोन हातात तसाच राह्यला अन् मले बाबाचा आंगठा दिसला. मी चौथीत होती. आमच्या वस्तीले सरकारी बोरिंग मंजूर झाली होती. पटवारी आला, पटेलाच्या ओट्यावर बसला. बाबाले अन् आनखी चार जनाले बोलावनं आलं. खाली उभं करून त्यायचे आंगठे घेतले. बाबाले वाटलं पान्याचा कागद हाय. बोरिंग पटेलाच्या फाटकाशी खनली गेली. इचाराले गेले तं पटवाऱ्यानं कागद वाचून दाखवला, बोरिंग तिथं माराले आमची राजीखुशी हाय. राजीखुशी. तो शब्द बाबा कधी इसरला नाही. घरी येऊन त्यानं आंगठ्याची शाई राखेनं घासली, कातडी सोलेपर्यंत घासली. दुसऱ्या दिवशी मायले म्हनला, पोरीले शाळेतून काढाचं नाही, काही होवो.

मी शिकली. डीएड केलं. दोन लिप्यात सही करते. अन् बाबानं न वाचता एकदा आंगठा देल्ला, मी शिकून सवरून तीनदा देल्ला. त्याच्यावर निदान पटेल उभा होता. माझ्यावर कोन उभं होतं? कोनीच नाही. हो म्हनाची सवय उभी होती. त्या दिवशी मी लय रडली, अन् ते रडनं रागाचं होतं.

चौथी तारीख दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. आता काही झालं तं तारीख पुढं ढकलाले दिवसच नव्हता. अकराच्या सुमारास मले नाल्यापलीकडं फटफटीचा आवाज आला. वाट पाह्यली. फटफटी इकडं आलीच नाही. शेजारनीले बाबापाशी बसवलं अन् मी निघाली. पटेलाच्या फाटकाशी पोचली अन् वर सांगतलं ते पाह्यलं, ते ऐकलं.

पटेलाच्या घरी एक छत्री पहिलेच होती. ही दुसरी, नव्या माडीसाठी. दसऱ्याले जावई येनार होता, त्याले माडीवर क्रिकेट पाहाले पाहिजे होतं.

मी छत्रीवाल्याले इचारलं, माझं सामान इथं काऊन? तो शिडीवरून खाली न पाहता बोलला, "मॅडम, पते पे तो यही लिखा है."

मंग मी इचारत गेली अन् त्याच्या तोंडून सगळंच बाहेर आलं. हा मानूस चारही वेळा गावात आला होता. चारही वेळा पटेलाच्या घरी थांबला, कारन कागदावर पटेलाचं घर होतं. गावाची रीतच तशी. लाइनमन येवो, सर्वेवाला येवो, पहिले पटेलाच्या ओट्यावर चहा, मंग पटेल सांगल तिकडं. एकदा पटेलानं त्याच्याकडून जुनी छत्री दुरुस्त करून घेतली. दोनदा सांगतलं, ते लोक मजुरीले गेले, घराले कुलूप हाय. कुलूप! माझा बाप खाटेवर पडून दाराकडं डोळे लावून होता, अन् हा म्हनते कुलूप. नाला ओलांडाले चार मिंटं लागतात. चार वेळात त्या मानसानं तो एकदाही ओलांडला नाही.

तो खाली उतरला. माझ्या हातात फोन वाजला. चार आकडे आले होते.

"मॅडम, ओटीपी बोलो. चालू करना है. आपका कल पक्का."

मी म्हनलं, "नाही."

पटेल खुर्चीवर सरसावून बसला. पंधरा ऑगस्टले शाळेत तो मले बाई म्हनते. घरी पोरी. म्हनला, पोरी, सांगून दे त्याले, एका दिवसाची तं गोष्ट हाय.

"पटेल, तो एक दिवस माझ्या बाबाचा हाय."

"तुझ्या बापानं मले कधी नाही म्हनलं नाही."

"म्हनून तं मी म्हनून राह्यली."

 मी फाटक लोटलं अन् आत गेली. आमच्या वस्तीतली बाई त्या आंगनात झाडाले जाते, शेन काढाले जाते. मी बाबाच्या नावाचं खोकं उचलाले गेली. उचललं. छत्रीवाल्याले म्हनलं, ती काढ, अन् चाल नाल्यापलीकडं. त्यानं पटेलाकडं पाह्यलं. पटेल नुसतं म्हनला, गावात राहाचं हाय ना तुमाले. ओटीपीशिवाय छत्री चालू होत नव्हती, म्हनून छत्रीवाल्याले ती काढावीच लागली. पन तो वस्तीत आला नाही. झगड्याच्या गावात मी काम करत नाही म्हनला, छत्री अन् माझ्या हातातलं खोकं फटफटीले बांधलं अन् चालला गेला. सांच्याले मेसेज आला, ग्राहकाने नकार दिला. तेवढं एक मात्र खरं लिहिलं त्यायनं.

दसरा उजाडला. बाबाले आंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, खाट टीव्हीकडं फिरवली. मंग त्याच्यापाशी बसून सगळं सांगतलं. काही लपवलं नाही. त्यानं लय येळ जिभेशी झगडा केला.

"नंबर... देल्ला?"

"नाही देल्ला, बाबा."

"मंग झालं," तो म्हनला.

पन झालं नव्हतं. त्याच्या उजव्या डोळ्यातून पानी उशीवर चाललं होतं. त्याले नागपूर पाहाचं होतं अन् समोर टीव्हीची काळी काच होती. मी बावीस प्रतिज्ञा म्हनल्या, तो ओठ हलवत राह्यला. ते नागपूर नव्हतं. उगाच गोड करून सांगनार नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत बाबा राहील का, हे डॉक्टरसुद्धा सांगत नाही. तो दिवस माझ्या बाबाचा गेला अन् तो पटेलानं खाल्ला. हे मी माफ करनार नाही.

मी कंपनीले लेखी तक्रार देल्ली. तेलुगूत, हिंदीत अन् मराठीत. लिहिलं की तिनही वेळा माझी राजीखुशी नव्हती, ती काढून घेतली होती. पटेलानंही माझी तक्रार केली, मंडलाच्या शिक्षन ऑफिसात. बाई गावात भांडनं लावतात म्हने. मेमो आला. त्याचं उत्तर देल्लं, त्यात एकही माफीचा शब्द टाकला नाही. वस्तीतल्या बायायले बसवून प्रत्येकीचे कागद काढाले लावले. जिथं जिथं 'पटेलाच्या घराजवळ' हाय तिथं बदलाचा अर्ज लिहून देल्ला. तीन घरं भ्याली. बाकीच्यायनं सह्या केल्या.

छत्रीची नवी बुकिंग केली हाय. खून लिहिली, नाल्याच्या पुलावरून डावीकडं, निळा झेंडा. दोन तारखा हुकल्या. दोन्ही वेळा फोन आला, मॅडम, ओटीपी. दोन्ही वेळा नाही म्हनलं. रद्द होईल म्हनले. होऊ दे. पुन्हा करीन.

बाबाची खाट आता भिंतीकडं फिरवत नाही. दाराकडं तोंड करून ठेवली हाय. ज्याले याचं हाय त्यानं नाला ओलांडून यावं. माझ्या छपरावर चढावं, छत्री लावावी, अन् माझ्या बाबाले चित्र दिसलं की मंग मले इचारावं. त्याच्या आधी या तोंडातून एक आकडा निघनार नाही.