चोपलेलं अंगण आणि खवले मांजर

शेजारच्या सुमतीकाकूंनी दिवाळीआधी खपून अंगण लाकडी चोपण्याने ठोकलं, टणक केलं, शेणाने सारवलं. सकाळी पाहतो तर मधोमध हा एवढा खड्डा! वाळवी शोधत खवले मांजर येऊन गेलं होतं. काकू चिडतील असं वाटलं, तर त्या वाकून नखांचे ओरखडे न्याहाळत होत्या.

"आमच्या चोपण्याला हरवलंन हो!" त्या कौतुकाने म्हणाल्या.

जमीन वरून गुळगुळीत केली की आपल्याला वाटतं, ती आपली झाली. तिच्या पोटात काय चाललंय, ते त्या प्राण्याला नुसत्या वासावर कळतं.

दुपारी काकूंनी खड्डा बुजवला, अंगणाभोवती काटेरी फांद्या रचल्या. पलीकडचं वाळवीचं वारूळ मात्र, जे त्या फोडणार होत्या, तसंच ठेवलं.

"तिकडे खण हो बाबा," त्या रानाकडे बघून म्हणाल्या, "तिकडे मी चोपलेलं नाही."